टोमॅटोचा क्रेट आणि ४८ फ्रेम

क्रेट उचलणाऱ्या माणसाच्या माझ्या अ‍ॅनिमेशन शॉटची तिसरी आवृत्ती काल रात्री पुरी झाली. अजून रंग नाही, चेहरा नाही, नुसत्या निळ्या रेघा. पण माणूस क्रेट उचलतो तेव्हा क्रेट जड वाटतो. ऑगस्टपासून एवढ्यासाठीच धडपड चालली आहे, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

आधीचा सराव थोडक्यात: चेंडूच्या उड्या झाल्या, लंबक झाला, पिठाच्या पिशवीची उडी झाली. जमिनीवरून उठून पुन्हा टेकायला किती फ्रेम लागतात ते टायमिंग आणि तेवढ्या फ्रेममध्ये चेंडू कुठे कुठे दिसतो ते स्पेसिंग, हे चेंडूनेच शिकवलं. मग माणूस करायचा ठरवला. विषय घरचाच मिळाला. हंगामात पिंपळगावला मामाकडे गेलो की २० किलोचे टोमॅटोचे क्रेट दिवसभर पिकअपमध्ये चढताना दिसतात.

पहिली आवृत्ती क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरून. उचलायला १६ फ्रेम, म्हणजे आठ चित्रं. ती काढली आणि लगेच रंगवायला बसलो. शर्टाच्या चुण्या, क्रेटच्या जाळीची सावली, मागे शिवार. दोन आठवडे रंगातच गेले. घरी सगळ्यांना आवडलं.

रविवारी सकाळी आम्ही पाच जण पांडवलेणीच्या पायथ्याशी, फाळके स्मारकाजवळ भेटतो आणि एकमेकांचं काम बघतो. गेमसाठी अ‍ॅनिमेशन करणारी आमच्यातली एक मैत्रीण आहे. तिने तो शॉट तीनदा पाहिला आणि म्हणाली, "तुझा क्रेट रिकामा आहे." मी सांगायला लागलो की त्यात टोमॅटो काढलेत, नीट दिसतायत. ती म्हणाली, "टोमॅटो दिसतायत रे. वजन दिसत नाही."

मला ते खूप लागलं. पुढच्या रविवारी जायचंच नाही, असं ठरवून घरी आलो. रात्री मात्र चैन पडेना. फाईल उघडली, वेगळ्या लेयरवर प्रत्येक चित्रातल्या क्रेटच्या मध्यावर एक ठिपका दिला आणि बाकीचं सगळं लपवलं. आठ ठिपके, सगळे सारख्या अंतरावर. जमिनीवरून सुटताना तेवढंच अंतर, छातीशी येताना तेवढंच. चेंडूला शिकलेलं मी माणसाला लावलंच नव्हतं. तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या आवृत्तीत ठिपके सुधारले. सुरुवातीला जवळ जवळ, मग लांब, शेवटी पुन्हा जवळ. फरक पडला, पण थोडाच. हा नुसता रेघांचा तुकडा मोबाईलवर घेऊन मामाकडे गेलो. मामा म्हणाला, "आरं, आसं उचललं तर पहिल्याच दिवशी कंबर धरंल. गुडघं कुठं वाकलं याचं?" मग त्याने स्वतःच क्रेट उचलून दाखवला. मी बाजूने व्हिडिओ घेतला, चार वेळा.

तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला, आणि या सगळ्या महिन्यांत मी सर्वात जास्त शिकलो ते त्या एका संध्याकाळी. मामा आधी क्रेट थोडा स्वतःकडे ओढतो, पाय फाकवतो, गुडघ्यात बसतो. मग हात पूर्ण ताणले जातात, कंबर वर सरकू लागते, आणि क्रेट तरीही जमिनीवरच असतो. काही क्षण माणूस हलतोय आणि वस्तू हलत नाही. वजन दिसतं ते तिथे. त्यानंतर क्रेट मांडीवर टेकतो, तो तिथे पकड बदलतो आणि मगच एका झटक्यात खांद्यावर घेतो. माझ्या आठ चित्रांत माणूस आणि क्रेट एकाच फ्रेमला निघत होते.

तिसऱ्या आवृत्तीचा हिशेब असा झाला: वाकणं आणि ओढणं १२, हात ताणून थांबणं ६, मांडीपर्यंत ८, मांडीवर टेकून ४, खांद्यावर १०, स्थिर होणं ८. एकूण ४८ फ्रेम, २४ चित्रं, बरोबर दोन सेकंद. ताणाच्या त्या ६ फ्रेममध्ये तीनच चित्रं आहेत आणि ती एकमेकांपासून केसभरच वेगळी आहेत. पण ती काढून बघितली तर क्रेट लगेच पुन्हा हलका होतो.

एक सूचना मात्र घेतली नाही. प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र काढ, जास्त गुळगुळीत दिसेल, असं एकाने सुचवलं होतं. खांद्यावर घेण्याच्या भागात करून पाहिलं. हालचाल गुळगुळीत झाली, पण झटका गेला, आणि मामाच्या उचलण्याचा जीव त्या झटक्यातच आहे.

काम दाखवायची पद्धतही बदलली आहे. आता रेघा असतानाच दाखवतो. रंगवलेल्या कामावर दोन आठवडे घातलेले असतात, त्यामुळे चूक ऐकून घ्यायला मन तयार होत नाही आणि समोरच्यालाही सांगायला जड जातं. फाळक्यांनीसुद्धा कथापट करण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटासा तुकडा केला होता आणि भांडवलासाठी तो दाखवला होता. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाची ही गोष्ट आम्हा नाशिककरांना तशी माहीतच असते. मला ती आत्ता उमगली.

शिवाय "कसं वाटतंय?" हा प्रश्न सोडला. त्याला "छान" याखेरीज काय उत्तर येणार? आता विचारतो, क्रेट कुठल्या फ्रेमला हलका वाटतो? उत्तर मिळालं की समर्थन न करता फ्रेमचा आकडा वहीत लिहून घेतो.

आज वहीत ४१ हा आकडा आहे. क्रेट उजव्या खांद्यावर बसल्यावर धड डावीकडे झुकायला हवं. मी झुकवलंय, पण डोकं सरळच राहिलंय. मामाच्या व्हिडिओत त्या जागी डोकं क्रेटच्या आड जातं, त्यामुळे काही कळत नाही. तुमच्यापैकी कुणी पोतं किंवा हंडा घेऊन चालणारा माणूस केला असेल, तर मान किती कलते आणि धडाच्या आधी कलते की नंतर, एवढं सांगा. शनिवारी पिंपळगावला जाणार आहे, या वेळी समोरूनही व्हिडिओ घेईन.