छाननीचा पुढचा टप्पा: ‘बीइंग’ दिसलं म्हणजे पॅसिव्ह असं नाही

इंग्रजी वाक्यांतून पॅसिव्ह (कर्मणी) वाक्यं काळानुसार वेगळी काढायची आपली नियमांची चाळणी बनतेय. त्यातली कंटिन्युअसची (चालू काळाची) चाळणी हातावेगळी होत आली होती, आणि ‘ही इज बीइंग रिझर्व्ड’ बिनबोभाट पॅसिव्हच्या कप्प्यात जाऊन बसलं. साचा तंतोतंत तोच: इज, बीइंग, व्ही-थ्री (क्रियापदाचं तिसरं रूप). शेजारी ‘द टेबल इज बीइंग रिझर्व्ड’ ठेवून पाहा. टेबल कुणीतरी राखून ठेवतंय. ‘ही’ मात्र हातचं राखून वागतोय. तिथे रिझर्व्ड विशेषण आहे आणि ‘इज बीइंग’ हे ‘बी’चं ॲक्टिव्ह कंटिन्युअस, ‘ही इज बीइंग रूड’मध्ये असतं तसंच.

बाकीचं चोख चाललंय. ‘इज द ब्रिज स्टिल बीइंग रिपेअर्ड?’ आता सुटत नाही: इज आणि बीइंग यांच्यात चार शब्दांपर्यंत मोकळीक, बीइंग आणि व्ही-थ्रीमध्ये दोन. ‘इट्स’पुढे बीइंग आलं तर तो इज, बीन आलं तर हॅज. हा नियम फार गोड बसलाय.

रिझर्व्डसाठी दोन चाचण्या आहेत. आधी ‘व्हेरी’ घालून बघायचं: माणूस ‘व्हेरी रिझर्व्ड’ असू शकतो, राखून ठेवलं जाणारं टेबल नाही. मग ॲक्टिव्ह करायचं: ‘समवन इज रिझर्व्हिंग द टेबल’ जमतं, टेबलच्या जागी ‘हिम’ घातलं की अर्थ कोसळतो. यावरून कर्ता सजीव की निर्जीव एवढंच तपासायचं ठरत होतं, पण ‘शी इज बीइंग गार्डेड’ने तो बेत मोडला. कर्ता सजीव, आणि अर्थ दोन्ही लागतात: ती सावधपणे बोलतेय किंवा तिच्यावर पहारा आहे. निकाल पुढच्या शब्दांत लागतो. ‘अबाउट हर प्लॅन्स’ आलं तर विशेषण, ‘बाय टू ऑफिसर्स’ आलं तर पॅसिव्ह. म्हणून रिझर्व्ड, गार्डेड, डिटरमाइंड, डिटॅच्ड अशांची वेगळी यादी करून ती वाक्यं हातानेच तपासायची. पुट, कट, रीड यांच्यासाठी टॅगर (शब्दांची जात ठरवणारा प्रोग्रॅम) हवाच, तिथे व्ही-टू आणि व्ही-थ्री लिहिताना सारखेच दिसतात. या यादीवर मात्र व्हीबीएन (म्हणजे व्ही-थ्री) की जेजे (म्हणजे विशेषण) हा त्याचा कौल अंतिम मानू नये.

सिंपलच्या (साध्या काळाच्या) कप्प्यात दुखणं वेगळं. ‘द गेट इज क्लोज्ड’ ही स्थिती. ‘द गेट इज क्लोज्ड ॲट टेन एव्हरी नाइट’ ही क्रिया. बीइंग घातलं की स्थितीचा अर्थ उरतच नाही, म्हणून प्रत्येक सिंपल वाक्याला बीइंगवालं जोडकार्ड करावं म्हटलं. पण ‘द हाउस इज ओन्ड बाय अ ट्रस्ट’मध्ये बीइंग शिरत नाही. ओन, नो, कंटेन ही स्थितिवाचक क्रियापदं आधी गाळायला हवीत.

आणि हे लिहिताना सुचलं: चाचणीच्या संचातून १८व्या शतकातले उतारे काढूनच टाकू. तेव्हा ‘द हाउस इज बिल्डिंग’चा अर्थ घर बांधलं जातंय असा होई, आणि आपली चाळणी त्याला ॲक्टिव्ह ठरवणार. ‘विल बी बीइंग’ आणि ‘हॅज बीन बीइंग’ यांचे रकानेही बंद. वापरात इतके विरळ की त्यांच्यासाठी नियम लिहिणं परवडत नाही. पुढचं काम ‘गेट’वाल्या पॅसिव्हचं: ‘गॉट पेंटेड’ आणि ‘वॉज गेटिंग पेंटेड’.