नजर चार्टवर, बोटं कीबोर्डवर

शेअरच्या भावाचा चार्ट बघताना माउस जितका कमी फिरेल तितका चार्ट जास्त बघून होतो, हे माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. ट्रेंडलाइनचं, म्हणजे भावाचा कल दाखवणाऱ्या रेषेचं, चिन्ह डावीकडच्या पट्टीत शोधायचं, क्लिक करायचं, मग परत कँडलकडे, म्हणजे ठरावीक वेळेतला भाव दाखवणाऱ्या उभ्या ठोकळ्याकडे, यायचं. या फेरीत नजर भावावरून सुटते आणि एका मिनिटाच्या चार्टवर तेवढ्यात कँडलचं रूप पालटलेलंही असतं. शॉर्टकटने वेळ वाचतो ते ठीक, पण नजर जागची हलत नाही हा त्याचा मोठा फायदा. मात्र नुसती यादी पाठ करून भागत नाही. एखादी कळ काय करेल, हे चार्ट त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरतं, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतात. म्हणून आज कळांबरोबर त्यांच्या अटीही लिहून ठेवायच्या आहेत.

आधी ट्रेडिंगव्ह्यू, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं चार्टचं सॉफ्टवेअर. चार्टच्या मोकळ्या जागेवर एक क्लिक करायची आणि सरळ आकडा टाइप करायचा. टाइमफ्रेमची, म्हणजे एक कँडल किती वेळाची हे ठरवणारी, छोटी चौकट आपोआप उघडते. १५ आणि एंटर म्हणजे पंधरा मिनिटं, २४० म्हणजे चार तास, १डी म्हणजे दिवस, १डब्ल्यू म्हणजे आठवडा. सुरुवात आकड्याने केली तर टाइमफ्रेम बदलते, अक्षराने केली तर सिम्बॉलचा, म्हणजे शेअरच्या छोट्या नावाचा, शोध उघडतो. म्हणून नुसता डी दाबून दिवसाचा चार्ट मिळेल असं धरून चालू नये. मिनिटांना अक्षर लावायचंच नसतं, कारण एम हे अक्षर तिथे महिन्यासाठी आहे. मेटाट्रेडर या सौदे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं उलट: एम१५ म्हणजे पंधरा मिनिटं आणि महिन्यासाठी एमएन. दोन्ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने हा फरक तरी डोक्यात ठेवायलाच हवा.

कळ चालत नसेल तर सॉफ्टवेअरवर शंका घेण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, फोकस, म्हणजे दाबलेली कळ पडद्यावर कुठे पोचतेय ते. कर्सर वॉचलिस्टमध्ये (लक्ष ठेवायच्या शेअरच्या यादीत), शोधाच्या चौकटीत किंवा ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत अडकलेला असेल तर चार्टला त्या कळेचा पत्ताच लागत नाही. क्रोममध्ये ऑल्ट+एफ दाबल्यावर फिबोनाची या रेषांच्या साधनाऐवजी ब्राउझरचा मेनू उघडला, की समजायचं फोकस चार्टवर नाही. एस्केप, मग चार्टवर एक क्लिक, मग पुन्हा तीच कळ. दुसरी गोष्ट आपल्यासारख्या दोन लिप्या वापरणाऱ्यांची: कीबोर्ड मराठीवर राहून गेलेला असतो. सिम्बॉलच्या जागी देवनागरी अक्षरं उमटतात, शोधात काहीच सापडत नाही. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि स्पेस एकत्र दाबून कीबोर्ड बदलता येतो. पण डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यानेही तो बदलतो, आणि हा बदल नकळत होतो. घाईत दोन्ही बोटं एकदम पडली की पुढचे सगळे शॉर्टकट बिघडल्यासारखे वाटतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलण्याची ही जोडी बंद करून टाकावी, हे माझं ठाम मत आहे. शिवाय शॉर्टकटसाठी डावी ऑल्टच वापरावी. बऱ्याच कीबोर्ड मांडण्यांमध्ये उजवी ऑल्ट म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र धरल्यासारखं होतं आणि भलतीच आज्ञा जाते. मॅकवर ऑल्टच्या जागी ऑप्शन आणि कंट्रोलच्या जागी कमांड, एवढंच बदलायचं.

रेषांच्या कळा खरं तर पाचच पुरतात. ऑल्ट+टी ट्रेंडलाइन, ऑल्ट+एच आडवी रेषा, ऑल्ट+जे आडवा किरण, ऑल्ट+व्ही उभी रेषा, ऑल्ट+एफ फिबोनाची रिट्रेसमेंट, म्हणजे भाव किती मागे फिरला हे दाखवणाऱ्या ठरावीक टक्क्यांच्या पातळ्या. यातल्या एच आणि जे या दोन्हींमधली निवड विचार करून करावी. आडवी रेषा चार्टच्या दोन्ही टोकांपर्यंत जाते, म्हणजे ज्या काळात त्या पातळीला काही अर्थच नव्हता त्या जुन्या कँडलवरूनही ती जाते. आडवा किरण जिथे क्लिक केलं तिथून फक्त उजवीकडे जातो. सपोर्ट (भाव पडायचा थांबतो ती पातळी) किंवा रेझिस्टन्स (भाव चढायचा थांबतो ती) कुठे तयार झाला, तेही त्यामुळे रेषेच्या सुरुवातीवरूनच कळतं. पाच-सहा पातळ्या काढल्या की हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. मी किरणाच्या बाजूचा आहे.

रेषा काढताना शिफ्ट धरून ठेवली तर ती ४५ अंशांच्या पटीतच फिरते, त्यामुळे नेमकी आडवी रेषा हात न थरथरता येते. कंट्रोल धरली तर मॅग्नेट तात्पुरता चालू होतो आणि रेषेचं टोक जवळच्या कँडलच्या ओपन, हाय, लो किंवा क्लोजला, म्हणजे सुरुवातीच्या, सगळ्यात वरच्या, सगळ्यात खालच्या किंवा शेवटच्या भावाला, चिकटतं. मॅग्नेट कायमचा चालू ठेवू नये, असं मला वाटतं. कँडलची लांब वात (ठोकळ्याच्या वर-खाली निघालेली बारीक रेघ) सोडून अंगावरून रेषा न्यायची असते तेव्हा तोच टोक ओढून वातीवर नेतो, आणि चार्ट झूम केल्याशिवाय ते लक्षातही येत नाही. आधी काढलेली रेषा कंट्रोल धरून ओढली की तिची प्रत निघते, मूळ रेषा जागेवर राहते. तळांना जोडणारी एक रेषा काढून तिची प्रत शिखरांवर नेली की समांतर चॅनल तयार, वेगळं साधन शोधायला नको.

मोजमापासाठी शिफ्ट धरून चार्टवर क्लिक करायचं आणि माउस पुढे न्यायचा. भावातला फरक, टक्केवारी, मधल्या कँडलची संख्या आणि गेलेला वेळ, सगळं एका चौकटीत दिसतं. ही कळ मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण किती शेअर घ्यायचे हे तिच्यावरून ठरवता येतं. समजा खरेदी ४८० ला आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा घेऊन बाहेर पडायचा भाव, ४६८ ला. अंतर १२, म्हणजे २.५ टक्के. एका सौद्यात ३,००० पर्यंतच तोटा सोसायचा असेल तर ३,००० भागिले १२, म्हणजे २५० शेअर. लक्ष्य ५१६ असेल तर नफ्याचं अंतर ३६, जोखमीच्या तिप्पट. मात्र मोजायला सुरुवात नेहमी खरेदीच्या भावापासून करावी. ४६८ पासून वर ४८० पर्यंत मोजलं तर तेच १२ आता सुमारे २.५६ टक्के दिसतात, कारण टक्केवारी सुरुवातीच्या भावावर निघते. लहान अंतराला हा फरक नगण्य. अंतर ३०-४० टक्क्यांचं झालं की हिशेब पार चुकतो.

स्केलच्या कळांवर थोडं थांबायला हवं. ऑल्ट+एल लॉग स्केल चालू-बंद करते. साध्या स्केलवर १०० ते २०० आणि २०० ते ३०० ही अंतरं सारख्या उंचीची दिसतात, लॉगवर १०० ते २०० आणि २०० ते ४०० सारख्या उंचीची दिसतात. त्याचा परिणाम ट्रेंडलाइनवर होतो. एक रेषा १०० पासून ४०० पर्यंत नेली तर साध्या स्केलवर तिचा मध्य २५० ला येतो, लॉगवर २०० ला. म्हणजे टोकं तीच असूनही मधल्या प्रत्येक कँडलला रेषा वेगळ्या भावाला भेटते. एका स्केलवर तुटलेली ट्रेंडलाइन दुसऱ्यावर शाबूत दिसते ती यामुळेच. बऱ्याच वर्षांच्या, भाव कित्येक पटींनी वाढलेल्या चार्टला लॉग घ्यावा. दिवसभराच्या चार्टला दोन्हींत फारसा फरक नसतो. कुठलाही घ्या, पण रेषा काढली त्याच स्केलवर ती वाचा.

ऑल्ट+पी ने उजवीकडचे आकडे टक्क्यांत येतात. ऑल्ट+आय ने चार्ट उलटा होतो, आणि ही कळ चुकून फार दाबली जाते. पडणारा शेअर चढताना दिसू लागतो. उजवीकडचे आकडे वर जाताना कमी होत असतील तर समजा, चार्ट उलटा आहे. भाव पडद्याबाहेर निघून गेला, कँडल चपट्या झाल्या, तर किमतीच्या पट्टीवर डबल क्लिक. आपोआप जुळणारं स्केल परत येतं. ऑल्ट+आर ने पूर्ण दृश्य मूळ जागी येतं. आणि सगळ्या रेषा अचानक गायब झाल्या तर घाबरून नव्याने काढत बसू नये: कंट्रोल+ऑल्ट+एच दाबलं गेलेलं असतं, त्याने रेषा फक्त लपतात. तीच जोडी पुन्हा दाबली की परत दिसतात.

बाकीच्या काही भराभर. तिरकी रेघ (/) दाबली की इंडिकेटरची, म्हणजे भावावरून गणिताने काढलेल्या रेषा-खुणांची, यादी उघडते. ऑल्ट+डब्ल्यू ने सिम्बॉल वॉचलिस्टमध्ये जातो, ऑल्ट+जी ने हवी ती तारीख गाठता येते. अनेक चार्ट एकत्र मांडले असतील तर ऑल्ट+एंटर ने त्यातला एक मोठा होतो आणि पुन्हा दाबल्यावर जागेवर जातो. ऑल्ट+ए अलर्टची चौकट उघडते. तिथे अलर्ट कधी वाजावा हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. भाव पातळीला नुसता शिवला तरी हवा, की कँडल त्या पातळीपलीकडे बंद झाल्यावर हवा? तुमची पद्धत क्लोजवर चालत असेल तर कँडल बंद झाल्यावरचा पर्याय निवडा, नाहीतर प्रत्येक वातीला फोन वाजत राहील.

आता मेटाट्रेडर. इथे कंट्रोल+एफ ने क्रॉसहेअर, म्हणजे मोजायला लागणारा फुलीसारखा कर्सर, येतो, माउसच्या मधल्या बटणानेही येतो. तो धरून ओढला की कँडलची संख्या, पॉइंट आणि भाव दिसतात. कंट्रोल+जी ग्रिड, कंट्रोल+आय चार्टवरच्या इंडिकेटरची यादी, कंट्रोल+बी काढलेल्या सगळ्या वस्तूंची यादी. ऑल्टसोबत १, २, ३ ने अनुक्रमे बार, कँडल आणि रेषा. एंटर दाबल्यावर चार्टच्या खालच्या कोपऱ्यात छोटी चौकट येते, तिथे सिम्बॉल, टाइमफ्रेम किंवा तारीख टाकता येते. जुना काळ बघायला मागे जावं आणि नवा भाव आला की चार्टने उडी मारून शेवटच्या कँडलवर यावं, ही तक्रार नेहमीची. ऑटो स्क्रोल बंद करा, संपलं.

एफ१२ ने चार्ट एकेक कँडल सरकतो, शिफ्ट धरली की उलट दिशेने. हाताने जुना काळ तपासायला हे उत्तम, पण एक मोठी खोच आहे. इंडिकेटर आधीच पूर्ण डेटावर मोजलेले असतात. झिगझॅगसारखं, शेवटचा टप्पा नंतर बदलणारं इंडिकेटर लावून एफ१२ ने पुढे गेलात, तर ते पुढचे भाव माहीत असल्यासारखं नेमक्या शिखरावर थांबलेलं दिसेल. त्या चाचणीचे निकाल कितीही गोड आले तरी फेकून द्यावेत.

सगळ्यात जास्त जपायचं ते एकाच कळेच्या दोन अर्थांना. ऑल्ट+टी ट्रेडिंगव्ह्यूत ट्रेंडलाइन काढते, मेटाट्रेडरमध्ये एका क्लिकवर सौदा करण्याची पट्टी उघडते. ती पट्टी चालू असेल तर पुढची क्लिक थेट ऑर्डर होऊ शकते. कंट्रोल+वाय एकीकडे पूर्ववत केलेली कृती पुन्हा करते, दुसरीकडे कालखंडाच्या उभ्या रेषा दाखवते. मेटाट्रेडरमधला कंट्रोल+ई तर स्वयंचलित सौदे चालू-बंद करतो, त्याच्या जवळपास बोट सवयीने जाता कामा नये. विश्लेषण एका खिडकीत आणि ऑर्डर दुसऱ्या खिडकीत ठेवणं मला म्हणूनच योग्य वाटतं. ऑर्डरचा आकार टाइप करताना खिडकीच्या शीर्षकाकडे एकदा बघून घ्यावं. दोन्हींच्या रंगसंगती वेगळ्या ठेवल्या, म्हणजे एक गडद आणि एक फिकी, तर शीर्षक वाचण्याचीही गरज उरत नाही.

लॅपटॉपवर एफ९ दाबल्यावर नवी ऑर्डर उघडण्याऐवजी आवाज किंवा उजेड बदलत असेल, तर वरच्या रांगेला एफएन कळेची जोड लागते. बऱ्याच यंत्रांवर एफएन+एस्केप ने ही रांग कायमची एफच्या कामाला लावता येते.

शेवटची नोंद मांडणीबद्दल. ट्रेडिंगव्ह्यूत कंट्रोल+एस ने लेआउट जतन होतो. रेषेच्या सेटिंगमधल्या दृश्यतेच्या भागात ती कोणत्या टाइमफ्रेमवर दिसावी हे ठरवता येतं. पाच मिनिटांवर काढलेल्या रेषा तासाच्या वर दिसणार नाहीत असं केलं तर दिवसाचा चार्ट वाचण्यासारखा राहतो. मेटाट्रेडरमध्ये रंग, इंडिकेटर, ग्रिड मनासारखं झालं की टेम्पलेट डिफॉल्ट या नावाने, इंग्रजी अक्षरांत, जतन करायचं. पुढचा प्रत्येक नवा चार्ट तसाच उघडतो. आधीपासून उघडे असलेले चार्ट मात्र बदलत नाहीत, त्यांना ते टेम्पलेट हाताने लावावं लागतं.