पैलवानाला शून्य

कोल्हापुरात फिजिओ म्हणजे अधूनमधून एखादा जुना पैलवान येतोच. हे आबा ७७ वर्षांचे, बाथरूममध्ये पडले, हाड मोडलं नाही पण दोन तास फरशीवरच, कारण उठताच येईना. सून बाजारातून आली तेव्हा कळलं.

आमची एक साधी टेस्ट असते, ४३ सेंटिमीटर उंच खुर्ची, हाताची घडी छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा उठता ते मोजायचं. या वयाच्या पुरुषाचे ११ पेक्षा कमी आले तर पडायचा धोका, आणि हात टेकला की सरळ शून्य. आबांनी पहिल्यालाच मांडीवर हात टेकला. मी शून्य लिहिलं, ते वाकून बघत होते. "हजार बैठका मारायचो गं पोरी."

वय, त्यात बीपीची गोळी, म्हणून मी क्वाड टेबलवर, म्हणजे बसून पायाने वजन उचलत गुडघा सरळ करायच्या टेबलवर, १ किलो लावलं, सोबत पिवळा थेराबँड, म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा, तोही हलकाच. तीन आठवडे स्कोअर शून्यच आणि मी मनात म्हणतेय, वय झालंय.

मग एक दिवस फोन घ्यायला बाहेर गेले, येऊन बघते तर आबांनी स्वतःच प्लेटा चढवल्यात, ८ किलो! ओरडलेच मी. तर म्हणतात, "ते खुळखुळं किती दिस हलवायचं?" मग नीट मोजलं, ८ किलोचे दहा, दोन्ही पायांनी, स्वच्छ.

बॉस्टनचा १९९० चा अभ्यास आम्ही कॉलेजात घोकलेला, वृद्धाश्रमातली नव्वदीची माणसं, एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८०% वजन, ८ आठवडे, ताकद सरासरी १७४% वाढली. परीक्षेत मार्क घेतले आणि विसरले. म्हातारं माणूस दिसलं की शेक, मशीन, हलका बँड, बिल, आम्ही बहुतेक सगळे हेच करतो, आणि घरच्यांनाही मशीन लावलं की बरं वाटतं.

वजन वाढवलं तर नवीनच भानगड, आबा तालमीतल्यासारखा दम कोंडायचे आणि त्याने बीपी चढतं, म्हणून मोठ्याने आकडे म्हणायला लावले तर शेजारच्या बेडवरचे काका दचकायचे. दोन महिन्यांनी हात न टेकता ७ आले. ११ नाहीत, पण फरशीवरून कुशीवर, मग गुडघ्यांवर, स्टूल धरून एक पाय पुढे, असं एकटे उठतात.

मागच्या वर्षी एक आजी "काही फरक नाही हो" म्हणून यायच्या बंद झाल्या. काल त्यांची फाइल काढली, शेवटपर्यंत १ किलोच. फोन करावा का, ठरत नाहीये.