जॉर्जियन चमचा: ठसे वाचण्याआधी पाठ बघा

लंडनला आलेले पाहुणे शनिवारी पोर्टोबेलो रोडच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले की जुन्या चांदीच्या टेबलावर पहिला हात टीपॉटला घालतात. सुरुवात जॉर्जियन, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातल्या (1714 ते 1830), मोठ्या चमच्याने करावी. एका चमच्यात 60 ते 70 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा तोळे चांदी असते, आणि लबाडी ओळखायला तो टीपॉटपेक्षा सोपा.

चमचा उपडा करा. दांड्याचे टोक वर वळलेले असेल तर घडण हॅनोव्हेरियन, साधारण 1710 ते 1770. त्या काळी चमचे पालथे मांडत, म्हणून घराण्याचे चिन्ह पाठीवर कोरलेले असते. टोक खाली वळलेले असेल तर ओल्ड इंग्लिश; तिथे चिन्ह पुढच्या बाजूला येते. चिन्ह चुकीच्या बाजूला दिसले, तर ते नंतर कोरलेले असण्याची शक्यता धरावी. कोरीव काम घासून काढले असेल तर तिथली चांदी पातळ होते. अंगठ्याने हलके दाबले तरी जाणवते.

आता ठसे, म्हणजे चांदीचा कस तपासून मारलेल्या खुणा, दहापट भिंगातून. चालता सिंह म्हणजे 92.5 टक्के कस. बिबट्याचे तोंड लंडनचे, 1821 पर्यंत मुकुटासह. जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, नुसता मुकुट शेफील्डचा. कस तपासणारी ही दोन्ही कार्यालये 1773 ची. वर्ष सांगणारे अक्षर लंडनमध्ये मे महिन्यात बदले, म्हणून एका अक्षरात दोन सनांचे तुकडे येतात. राजाचे मस्तक म्हणजे कर भरल्याची खूण; ती डिसेंबर 1784 पासूनची. विक्रेता 1770 सांगतोय आणि चमच्यावर मस्तक आहे, तर पुढे बोलूच नये.

साधारण 1780 पर्यंत ठसे खोलगट भागाजवळ, दांड्याच्या निमुळत्या जागी मारत. तिथे ते दबून वेडेवाकडे होत, त्यामुळे त्या जागी फारच सुबक ठसे दिसले तर जपून. उलट, खोलगट भागाचे झिजलेले टोक कापून चमचा पुन्हा गोल केलेला असतो, तो सहज फसवतो: खोलगट भाग आखूड दिसतो. उजव्या हाताने खाणाऱ्यांमुळे टोकाची डावी कड जास्त झिजते. इतका जुना चमचा दोन्हीकडे सारखा असेल तर कानस फिरली असावी.

काटे चमच्यांपेक्षा दुर्मिळ, म्हणून चमचे ठोकून काटे करण्याचा उद्योग जुना आहे. असे दाते पातळ आणि वजनाला हलके असतात. भांड्यांवर मात्र तोंडाची वाफ कामाला येते. 1720 ते 1758 मध्ये औंसाला सहा पेन्स कर होता. तो चुकवायला काही कारागीर लहान वस्तूवर ठसे मारून घेत आणि तो तुकडा मोठ्या भांड्याच्या बुडाला डाख देऊन बसवत. बुडावर तोंडाची वाफ सोडली की जोडाची रेघ क्षणभर उमटते.

आणि कृपा करून रांगोळी, टूथ पावडर काही लावू नका. अडीचशे वर्षांचे ठसे त्याने झिजतात. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती फडके, आणि लगेच कोरडे करणे. मीठदाणीत मीठ ठेवून विसरू नये, चांदीला काळे खड्डे पडतात. चमच्यांच्या जुडीला रबर बँडही नको: रबरातल्या गंधकाचा काळा पट्टा सहसा सुटत नाही.