पेंटमध्ये उभा राहिला म्हणजे फाउल नाही

सकाळी मोबाईलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, पाहून संध्याकाळी नागपूरच्या शिवाजीनगर नाहीतर धरमपेठेत खेळायला येणारे पोट्टे हमखास ओरडतात, "सर, तो पेंटमध्येच उभा आहे, तीन सेकंद झाले!" पेंट म्हणजे रिंगसमोरचा आखलेला पट्टा, आणि "तो" म्हणजे समोरच्या टीमचा डिफेंडर, बचाव करणारा. रेफरी शिट्टी मारत नाही आणि तेच बरोबर आहे. आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांवर होतात. फिबात पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त न थांबण्याचं बंधन फक्त आक्रमण करणाऱ्यांना आहे.

एनबीएत १९४७ पासून झोनला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावाला, बंदी होती. पुढे इल्लीगल डिफेन्सचा (बेकायदा बचावाचा) नियम असा की आपल्या माणसाला धरून राहा, नाहीतर थेट बॉलवाल्यावर डबल टीमला, म्हणजे दोघांनी मिळून घेरायला, जा. अधेमधे रेंगाळायचं नाही. मग टीम्स एक बाजू रिकामी करून स्टार खेळाडूला एकास एक खेळवायच्या. खेळ साचला. २००१-०२ च्या हंगामात झोन खुला झाला आणि डिफेन्सिव्ह तीन सेकंद, म्हणजे बचाव करणाऱ्यांसाठीही तीन सेकंदांचा नियम, आले.

हा नियम नीट समजून घ्या. १६ फुटांच्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं तर हाताच्या अंतरावर एखादा प्रतिस्पर्धी हवा आणि त्याला प्रत्यक्ष गार्ड करत असायला हवं. बॉलवाल्याला गार्ड करणाऱ्याला अंतराची ही अट नाही; पण बॉलवाल्याने पास दिला, किंवा दुसऱ्या डिफेंडरने त्याला घेतलं, की सूट संपली. चूक इथेच होते: नजर बॉलवर राहते, आपला माणूस कॉर्नरला सरकतो आणि मोजणी सुरू झाल्याचं कळतच नाही. शिक्षा टेक्निकल फाउलची: एक फ्री थ्रो, वर बॉल आक्रमणाकडेच. सुटायला दोन्ही पाय पट्ट्याबाहेर हवेत.

आपल्या कोर्टवर मात्र दोन मोजून बाहेर पळायची ही सवय नकोच. रिंगजवळ मदतीला थांबलेला डिफेंडर उगाच हलतो आणि समोरच्याला फुकटचा ले-अप, म्हणजे रिंगजवळून सोपा शॉट, मिळतो.

उलट, उंच सेंटर रिंगखाली ठाण मांडून बसला तर तक्रार न करता त्याला बाहेर ओढा. दोन्ही कॉर्नरला शूटर, एक जण हाय पोस्टला, म्हणजे फ्री थ्रो लाइनजवळ. बॉल आधी हाय पोस्टला द्या. सेंटर वर आला तर बेसलाइनवरून (रिंगमागच्या रेषेजवळून) कट, म्हणजे रिंगकडे झटक्यात धाव. नाही आला तर तिथूनच शॉट. बॉल घ्यायला आत या, जमलं नाही तर लगेच बाहेर. फिबाचा पट्टा ४.९ मीटर रुंद आहे आणि फ्री थ्रो लाइन त्यातच धरतात. लाइनवर नुसता पाय असला तरी तुमचे तीन सेकंद चालूच.