पाणी तांबडं आलं

सह्याद्रीत बोगद्याच्या तोंडाची जागा ठरवायची असली की आमचं काम ठोकाठोकीनं सुरू होतं. ओळीनं २४ जिओफोन, म्हणजे जमिनीची कंपनं टिपणारी यंत्रं, रोवायचे, लोखंडी प्लेटवर घण हाणायचा आणि कुठल्या जिओफोनला पहिला धक्का किती मिलिसेकंदांत पोचला ते बघायचं. त्यावरून थरांचे वेग निघतात. मुरमात सेकंदाला पाच-सातशे मीटर, चांगल्या काळ्या कातळात चार-पाच हजार.

त्या जागी वारा असा सुटला होता की गवत हललं तरी रेकॉर्डवर उमटायचं. घणाचे घाव वाढवले, वाऱ्याचा गोंगाट दबावा म्हणून सगळ्या घावांच्या नोंदींची बेरीज घेत गेलो. मॉडेल मात्र देखणं निघालं: वर मुरूम, सहा-सात मीटरपासून खाली सलग कातळ. कंत्राटदाराचे इंजिनिअर खूश. "मॅडम, एवढं छान आलंय, आता बोअर कशाला?"

बोअर म्हणजे भोक पाडून खालचा दगडच वर काढून बघणं. ते कशाला, सांगते. या पद्धतीत प्रत्येक खालचा थर वरच्याहून वेगवान असावा लागतो, तरच लहर त्याच्या माथ्यावरून धावत वर परतते. खाली मंद थर असेल तर लहर त्यात शिरताना आणखी खालीच वळते. पहिल्या धक्क्यांत त्या थराचा मागमूस नसतो. आणि आपला कातळ म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक प्रवाह, अधूनमधून तांबडा 'बोल', म्हणजे दोन प्रवाहांमधला मातकट थर, पाणी लागलं की सुटणारा. सॉफ्टवेअर तो दाखवत नाही आणि दाखवत नाही हे सांगतही नाही! मी बोअरवर अडून बसले.

बाराव्या मीटरपर्यंत कोअर, म्हणजे बोअरमधून निघणारा दगडाचा दांडा, टणटणीत. मग ड्रिलरमामांची हाक आली, "मॅडम, पाणी तांबडं आलं बघा!" ड्रिलिंगसाठी भोकात सोडलेलं, परत वर येणारं करडं पाणी विटकरी झालं होतं. पुढच्या खेपेला बॅरलमधून, म्हणजे कोअर वर आणणाऱ्या नळीतून, लगदा आणि ढेकळं निघाली, नखानं ओरखडा उठणारी. थर दीडेक मीटरचा, बोगद्याच्या छताच्या जेमतेम हातभर वर.

केसिंगचा पाइप घालून बोअरमध्ये जिओफोन सोडला, दर अर्ध्या मीटरला वर घण मारला. तांबड्या पट्ट्यात वेग निम्म्याहून खाली.

किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये बेसाल्ट ३३८ मीटरला संपला, त्याखाली ८ मीटर गाळाचा थर लागला. इतका पातळ थर वेगवान दगडाखाली असताना घण काय, सुरुंग लावूनही पहिल्या धक्क्यांत सापडायचा नाही.

इंजिनिअरसाहेबांनी कोअरबॉक्सचे फोटो काढले. दुसऱ्या तोंडाकडच्या बोअरची जागा त्यांनीच दाखवली.