टोळधाड आली, पण रुईवर

मे २०२०चा शेवटचा आठवडा. विदर्भात मोर्शी, वरूड, काटोलकडे वाळवंटी टोळ उतरल्याच्या बातम्या येत होत्या आणि दिंडोरी तालुक्यातल्या माझ्या गावांमधून फोन थांबत नव्हते. बहुतेक अफवाच. एका फोनने मात्र मी गाडी काढली.

"मॅडम, बांधावर पिवळे टोळ बसलेत. ब्लोअर जोडलाय, कुठलं औषध मारू?"

"मी येईस्तोवर काही मारू नका, अण्णा."

अण्णांची भीती खोटी नव्हती. द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी होऊन काड्या तयार होत होत्या. पुढच्या हंगामाचा घड याच काडीच्या डोळ्यात ठरतो, त्यामुळे आता पानं गेली तर फटका पुढे बसतो. वाळवंटी टोळ रोज आपल्या वजनाइतकं, म्हणजे साधारण २ ग्रॅम खातो आणि एका चौरस किलोमीटरच्या थव्यात ४ ते ८ कोटी टोळ मावतात. शिवाय वयात आला की तोही पिवळाच होतो. वाटेत माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

बांधावर रुईची झुडपं होती आणि पानांची नुसती चाळण झालेली. वर बसलेले किडे पिवळेधमक, अंगावर निळसर हिरवे पट्टे. मी आधी बागेत शिरले. द्राक्षाचं एकही पान कुरतडलेलं नव्हतं. हा रुईवरचा नाकतोडा! अण्णांच्या नातवाने एकाला चिमटीत धरलं, तर त्याने बोटांवर फेसाळ द्रव सोडला. रुईच्या चिकातलं विष हा अंगात साठवतो, म्हणून पक्षी सहसा वाटेला जात नाहीत.

"पण हे वाढले तर यांचीच धाड व्हायची ना?" अण्णांनी विचारलं. प्रश्न नेमका होता. (साहेबलोकांच्या बैठकीत असं कुणी विचारत नाही.)

मी बांधावरच बसले आणि समजावलं. वाळवंटी टोळ एकटा असताना मातकट, बुजरा, रात्री उडणारा. पाऊस झाला की माद्या ओल्या वाळूत अंडी घालतात, साधारण दोन आठवड्यांत बिनपंखी पिल्लं निघतात. हिरवळ आटून ती एका जागी दाटली की मागच्या पायांना एकमेकांचा सतत स्पर्श होतो, शरीरात सेरोटोनिन हे मज्जासंस्थेतलं रसायन वाढतं आणि बुजरा किडा कळपात चालायला लागतो. मग रंगही पालटतो. पाचदा कात टाकून पंख आले की वाऱ्यावर दिवसाला १५० किलोमीटरही जातो. रुईवरच्याला हे काही जमत नाही. तो आपल्या झुडपाला धरून राहतो, उडाला तर चार हात.

"मग रुईच तोडून टाकतो."

"नको. त्यांचं खाणं काढलंत तर ते दुसरीकडे तोंड घालतील."

ब्लोअर सुटला. संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णांनी नाकतोड्याचा फोटो टाकला होता. खाली लिहिलेलं: "रुईचा आहे. फवारू नये. चिमटीत तर मुळीच धरू नये, हात घाण होतो."